पॅनेल नेमकं कुठल्या टप्प्यावर वाकलं?

नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका फॅब्रिकेशन शॉपमधल्या तरुण इंजिनिअरने विचारलंय: किनाऱ्यावरच्या एका शिपयार्डसाठी डेकची सपाट पॅनेलं बनवायचं काम मिळालं आहे. पॅनेल ६ मीटर लांब, २.४ मीटर रुंद. प्लेट ६ मिमी, तिच्यावर ६०० मिमी अंतराने १०० बाय ८ चे चार पट्टे, दोन्ही बाजूंनी ५ मिमी लेगचं फिलेट (कोपऱ्यातलं त्रिकोणी वेल्ड, लेग म्हणजे त्या त्रिकोणाची बाजू), सीओटू वेल्डिंग. पहिली दोन पॅनेलं क्लॅम्प सोडताच लाटांसारखी झाली, कुठे वर, कुठे खाली, मधूनमधून १०-१२ मिमीपर्यंत. पाय दिला की पत्रा टण्‌कन आवाज करून दुसरीकडे जातो. वेल्डमुळे येणारा वाकडेपणा, म्हणजे डिस्टॉर्शन, आधीच सांगणारं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि मोजायला लेझर स्कॅनर लागेल का?

दोन्हींचं उत्तर आज तरी ‘नाही’ असं आहे. पण नुसतं नाही म्हणून तुमचं काम भागणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी काही वर्षं मुंबईला गोदीत काढली, त्यानंतर हिंगण्याच्या एमआयडीसीत. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांना लागणाऱ्या डक्टची पॅनेलं ज्यांनी बनवली आहेत त्यांना हा पत्र्याचा खेळ ठाऊक आहे, कारण ५-६ मिमीचा पत्रा आणि त्याला मारलेले पट्टे, ही रचना तीच. फरक इतकाच की डक्टवर इन्शुलेशन चढतं आणि पोट आलेलं झाकलं जातं. जहाजात तोच पत्रा भार घेतो आणि शेजारच्या ब्लॉकला (जहाजाच्या आधी जोडून तयार केलेल्या मोठ्या भागाला) काठाशी काठ जुळवून बसावा लागतो.

तुमचा प्रश्न मला असा दिसतो: पॅनेल वाकलं हे तुम्हाला कळलंय, पण ते कुठल्या टप्प्यावर आणि कुठल्या प्रकाराने वाकलं हे माहीत नाही. ते माहीत नसताना सॉफ्टवेअरला तरी काय सांगणार?

आधी कारण बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१२ मिमी वाढतं. वेल्डच्या जवळचा भाग तापून वाढू पाहतो, पण भोवतालचा गार पत्रा त्याला वाढू देत नाही. साध्या माइल्ड स्टीलचं यील्ड, म्हणजे ज्या ताणाला ते कायमचं वाकतं तो, २५० न्यूटन प्रति चौरस मिमी धरलं, तर पूर्ण अडवलेल्या पट्टीला दाबाखाली कायमचं चेपायला जेमतेम १०० अंशांचा फरक पुरतो. आर्कखाली तर धातू वितळतो. म्हणजे वेल्डच्या दोन्ही बाजूंचा बराच मोठा पट्टा तापतानाच चेपला जातो, आणि गार होताना तो आखूड पडतो. आपले वेल्डर म्हणतात ना, वेल्ड खेचतं, ते अगदी खरं आहे. तुमच्या पॅनेलवर असे आठ रन, म्हणजे वेल्डच्या आठ रेषा, आठ ताणलेल्या दोऱ्यांसारखे खेचत बसलेले असतात.

या खेचण्याचे तीन परिणाम तुम्हाला वेगवेगळे ओळखायचे आहेत.

पहिला, आखूड होणं. शॉपमधला जुना ठोकताळा असा की लेग प्लेटच्या पाऊणपटीत असेल तर फिलेट आडव्या दिशेने सुमारे ०.८ मिमी खेचतं, आणि लांबीच्या दिशेने दर ३ मीटरला साधारण तेवढंच. म्हणजे तुमचं पॅनेल लांबीत दीड-दोन मिमी आणि रुंदीत तीनेक मिमी कमी भरायला नको आश्चर्य. तेवढी वाढ पत्रा कापतानाच द्यायची असते. यार्डाने ड्रॉइंगवर श्रिंकेज अलाऊन्स दिलाय की कापणाऱ्याने द्यायचा, हे आजच विचारून घ्या. दोघांनीही दिलं किंवा दोघांनीही सोडलं, तरी घोटाळा होतो.

दुसरा, कोन पडणं. फिलेटच्या बाजूला पत्रा जास्त आखडतो, त्यामुळे तो पट्ट्याकडे उचलला जातो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पत्रा एकेक अंश उचलला गेला तर दोन पट्ट्यांमधल्या ६०० मिमीच्या गाळ्यात मधोमध सुमारे अडीच मिमी फरक येतो. बाहेरून बघितलं की पट्टे उठून दिसतात आणि मधला पत्रा आत बसलेला. गोदीत अशा कवचाला हंग्री हॉर्स म्हणतात. बरगड्या निघालेला उपाशी घोडा डोळ्यांपुढे आणा. याची खूण म्हणजे सगळे गाळे एकाच दिशेला, पट्ट्यांच्या बाजूला, सारखेच वळलेले असतात.

तिसरा प्रकार बकलिंगचा, म्हणजे दाबाखाली पत्रा एकदम वाकून जाण्याचा. दोऱ्या लांबीच्या दिशेने खेचतात, तो दाब मधल्या पत्र्याने सोसायचा असतो. पातळ पत्रा एका मर्यादेपर्यंत सोसतो आणि मग एकदम बाक घेतो. याची खूण वेगळी आहे: एकाच गाळ्यात लांबीने चालत गेलं की एकदा वर, एकदा खाली, साधारण गाळ्याच्या रुंदीएवढ्या अंतराने. आणि पाय दिला की टण्‌! तुम्ही लिहिलेला आवाज वाचूनच मला वाटलं की तुमचं मुख्य दुखणं हे तिसरं आहे.

ते वाटणं आकड्यांवर तपासून बघू. ६ मिमी पत्रा, ६०० मिमी गाळा. कडा साध्या टेकलेल्या धरल्या तर असा पत्रा लांबीच्या दाबाखाली सुमारे ७४ न्यूटन प्रति चौरस मिमीला बकल होतो. ही मर्यादा जाडीच्या वर्गाने वाढते, म्हणून तोच गाळा ८ मिमीचा असता तर ती १३२ झाली असती. जाड पत्र्यावर हात बसलेले वेल्डर ६ मिमीवर येऊन फसतात ते यामुळेच.

आता खेच. हीट इनपुट, म्हणजे वेल्डच्या दर मिमीमागची उष्णता, काढायची तर व्होल्ट गुणिले ॲम्पिअर गुणिले ६०, भागिले मिनिटाचा वेग. २८ व्होल्ट, २५० ॲम्पिअरला खरोखरचं ५ मिमी लेग घालायचं तर वेग मिनिटाला साधारण ५६० मिमी येतो, आणि हीट इनपुट मिमीमागे ७५० ज्यूल. त्यातले ८० टक्के पत्र्यात गेले असं धरलं तर ६००. पोलादासाठी चालणारा ढोबळ हिशेब असा की मिमीमागे एका ज्यूलला ०.२ किलोन्यूटन खेच. म्हणजे १२० किलोन्यूटन. दुसऱ्या बाजूचं वेल्ड पहिल्याइतकी पूर्ण भर घालत नाही, म्हणून दोन्ही मिळून दीडपट, १८०. एका पट्ट्याच्या वाट्याचा पत्रा आणि पट्टा मिळून क्षेत्रफळ ४४०० चौरस मिमी. भागाकार केला तर सुमारे ४१. मर्यादा ७४ ची, म्हणजे पत्रा सपाट राहायला हवा होता.

पण वेल्डरने सवयीने ७ मिमी लेग घातलं तर? लेग ५ चं ७ झालं की डोळ्याला फरक कळत नाही, पण त्रिकोणाचं क्षेत्रफळ १२.५ चं २४.५ होतं, जवळजवळ दुप्पट. वेग ३०० वर येतो, हीट इनपुट १४००, आणि त्याच हिशेबाने दाब ७६. मर्यादा ओलांडली! हा हिशेब ढोबळ आहे, दहा-वीस टक्के इकडेतिकडे होईलच. तरी तो जे दाखवतो ते मी शॉपफ्लोअरवर वारंवार पाहिलंय. म्हणून कॉम्प्युटर उघडण्याआधी फिलेट गेज घ्या आणि त्या दोन पॅनेलांवर प्रत्येक रनवर दहा-दहा ठिकाणी लेग मोजून लिहून काढा. माझा अंदाज आहे की सरासरी ६ च्या वर निघेल.

यात एक मोठी अट आहे. पत्रा मुळात सपाट होता का? ६ मिमीचा पत्रा बहुतेक वेळा कॉईल उलगडून कापलेला असतो. लेव्हलरमधून, म्हणजे पत्रा सपाट करणाऱ्या रोलरांमधून, चांगला काढला नसेल तर कॉईलची वळण त्याच्या अंगात राहते आणि कटिंगची उष्णता मिळाली की जागी होते. अशा पत्र्याचा दोष वेल्डरच्या माथी मारणं अन्याय आहे. म्हणूनच मी मोजण्याच्या टप्प्यांवर इतका अडून बसतो.

पाच वेळा मोजा: पत्रा आला तेव्हा, कटिंग झाल्यावर, पट्टे टाके (छोटे तात्पुरते वेल्ड) मारून बसवल्यावर, वेल्ड होऊन क्लॅम्पमध्येच पूर्ण गार झाल्यावर, आणि क्लॅम्प सोडल्यावर. शेवटच्या दोन रीडिंगमधला फरक सगळ्यात बोलका असतो. क्लॅम्पमध्ये सपाट आणि सोडल्यावर लाटा, याचा अर्थ क्लॅम्पने बाक दाबून ठेवला, ताण आतच राहिला. जोरात क्लॅम्प केलं की कोन पडणं कमी होतं हे खरं, पण आत राहिलेला ताण कधीतरी वाट काढतोच. यार्डात त्याच पॅनेलला मॅनहोलचं भोक कापलं की तो तिथे निघतो, आणि मग दोष कुणाचा यावर भांडण होतं.

टाक्यांनंतरचं रीडिंग बहुतेक जण टाळतात. तुम्ही टाळू नका. पट्टा पत्र्याला टेकवायला पाचर ठोकून पत्रा ओढून घेतला असेल तर बाक तिथेच जन्माला येतो.

मोजायची पद्धत साधी ठेवा. पंचने खुणा करा, खडूच्या खुणा पुसतात. बकलिंगची अर्धी लाट सुमारे ६०० मिमीची असते, म्हणून प्रत्येक गाळ्याच्या मधल्या रेषेवर लांबीने दर २०० मिमीला एक बिंदू हवा. मीटर-मीटरवर रीडिंग घेतलं तर लाट मधल्यामधे निसटते आणि कागदावर पॅनेल सपाट दिसतं. मी स्वतः अशा ‘सपाट’ रिपोर्टवर सही करून बसलो होतो, यार्डाच्या सर्व्हेअरने माझ्यासमोर पट्टी टेकवून दाखवली तेव्हा कळलं.

गाळ्यातला खोलगटपणा मोजायला सरळ घासलेली पट्टी आणि डेप्थ गेज पुरतं: पट्टी पत्र्याच्या बाजूने दोन पट्ट्यांच्या रेषांवर टेकवायची आणि मधला फरक वाचायचा. पूर्ण लांबीचा बाक बघायला पियानो वायर ताणा. नायलॉनची दोरी नको, ती वाऱ्याने हलते. ०.५ मिमीची वायर १० किलो ताणाने ६ मीटरवर बांधली तरी मध्ये ०.७ मिमी झोळ पडतो, तेवढा वजा करा. लांबी, रुंदी आणि दोन्ही कर्ण पोलादी टेपने. पॅनेल सव्वाआठशे किलोच्या घरात भरेल, म्हणजे स्वतःच्या वजनानेही झुकणार. म्हणून स्टँड दर वेळी त्याच जागी, पट्ट्यांच्या खाली, जमिनीवर रंगाने खूण करून. टोटल स्टेशन (सर्व्हेचं कोन आणि अंतर मोजणारं यंत्र) असेल तर ते पूर्ण ब्लॉकच्या लांबीसाठी आणि पिळासाठी चांगलं. गाळ्यातले दोन मिमी बघायला ते योग्य अवजार नव्हे. स्कॅनर उत्तम आहे, भाड्याने मिळाला तर एकदा जरूर लावा. पण पाच टप्प्यांवर पट्टीने घेतलेली रीडिंग शेवटी एकदाच केलेल्या स्कॅनपेक्षा तुम्हाला जास्त शिकवतील.

मर्यादा किती? जहाजं तपासून दर्जा देणाऱ्या क्लासिफिकेशन सोसायट्यांच्या संघटनेच्या, म्हणजे आयएसीएसच्या शिफारस क्रमांक ४७ मध्ये जहाजाच्या मधल्या समांतर भागात शेल प्लेटिंगसाठी (बाहेरच्या कवचाच्या पत्र्यासाठी) फ्रेमांच्या मध्ये ४ मिमी हे प्रमाण आणि ८ मिमी ही कमाल मर्यादा दिलेली आहे. डेकच्या वेगवेगळ्या भागांचे आकडे वेगळे आहेत, आणि यार्डाचं स्वतःचं मानक याहून कडक असू शकतं. ते लेखी मागून घ्या. तुमचे १०-१२ मात्र कुठेच बसत नाहीत.

आता नागपूरची खास गोष्ट, जी किनाऱ्यावरच्या लोकांना सांगून पटत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि उघड्यावरचा पत्रा हात लावू देत नाही. एकदा २० मीटर लांब, दीड मीटर उंचीचा बॉक्स गर्डर आम्ही दुपारी मोजला आणि ६ मिमी बाक जास्त निघाला. वेल्डरला बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मोजला तर बाक गायब. हिशेब सरळ आहे: वरची बाजू खालच्यापेक्षा १५ अंश जास्त तापली की एवढ्या गर्डरला बरोबर ६ मिमीची कमान येते. त्या वेल्डरची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. तेव्हापासून माझा नियम आहे की स्वीकारायचं रीडिंग सूर्य वर यायच्या आत, आणि वहीत पत्र्याचं तापमान लिहिल्याशिवाय रीडिंग ग्राह्य नाही.

लांबीतही हेच. ६ मीटरचं पॅनेल २५ अंशांनी जास्त तापलं तर १.८ मिमी लांब भरतं, म्हणजे तुमच्या श्रिंकेजएवढंच. पोलादी टेप पत्र्यावर ठेवून तेवढीच तापू दिली तर तीही पत्र्याबरोबर वाढते आणि चूक आपोआप भागते. लेझरने मोजलं तर भागत नाही. तो खरी, वाढलेली लांबी सांगतो आणि ती २० अंशांवर आणायचं काम तुमचं. पॅनेल नागपुरात लेझरने मोजून पाठवलं आणि यार्डाने समुद्राच्या वाऱ्यात मोजलं, तर दोघंही खरं बोलत असूनही आकडे जुळणार नाहीत.

एवढी रीडिंग हाताशी आली की अंदाजाकडे वळू. डिस्टॉर्शनचं भाकीत तीन पातळ्यांवर करता येतं.

सगळ्यात खालची पातळी म्हणजे तुमची स्वतःची वही. प्रत्येक पॅनेलचा लेग, ॲम्पिअर, व्होल्ट, वेग, वेल्डचा क्रम, आणि पाच टप्प्यांची रीडिंग. दहा पॅनेलं झाली की अकराव्याचा अंदाज तुम्ही जेवणाच्या सुट्टीत सांगाल. एकाच प्रकारचं काम वर्षभर असेल तर याहून वर चढायची गरजही पडणार नाही.

मधली पातळी इन्हेरंट स्ट्रेनची. जपानमध्ये ओसाका विद्यापीठात युकिओ उएदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून ही पद्धत घडवली. कल्पना फार सुंदर आहे: आर्क, वितळणं, थंड होणं यांचं चित्रण करतच बसायचं नाही. वेल्डजवळ शेवटी जे कायमचं आखडणं उरतं, तेवढंच मॉडेलमध्ये घालायचं आणि बाकीचा साधा इलॅस्टिक हिशेब करायचा. पूर्ण ब्लॉकचं गणित अशाने आवाक्यात येतं. पण ते आखडणं किती, हे कुठून आणायचं? तुमच्याच शॉपमध्ये अर्धा मीटर लांबीचे टी-जोड वेल्ड करून, पंचखुणांमधलं अंतर आधी-नंतर मोजून. म्हणजे फिरून पुन्हा मोजण्यापाशीच आलो.

वरची पातळी म्हणजे पूर्ण थर्मो-इलॅस्टिक-प्लास्टिक विश्लेषण, तापणं, ताणणं आणि कायमचं चेपणं सगळं एकत्र धरणारं. त्यात आर्कची उष्णता धातूत कशी पसरते याचं मॉडेल लागतं. १९८४ मध्ये जॉन गोल्डाक आणि सहकाऱ्यांनी मांडलेला दुहेरी लंबगोलाचा उष्णतास्रोत आजही सर्रास वापरतात. पोलादाचे गुणधर्म वितळबिंदूपर्यंत ठाऊक हवेत, मॉडेलची जाळी बारीक हवी, आणि ६ मीटरच्या आठ रनला कॉम्प्युटर दिवसचे दिवस घेतो. नवा जोड, नवं पोलाद, असं काही असेल तर एका छोट्या तुकड्यावर हे करणं योग्य. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या इंजिनिअरिंग संस्थेतल्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रोजेक्ट म्हणून दिलंत तर दोघांचंही भलं होईल. त्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: मोठ्या विक्षेपाचा, म्हणजे लार्ज डिफ्लेक्शनचा पर्याय चालू ठेवायचा. तो बंद असेल तर मॉडेल नुसता गुळगुळीत खोलगटपणा दाखवेल आणि बकलिंग अजिबात दिसणार नाही. पातळ पत्र्याच्या रिपोर्टमध्ये मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

तुमच्या जागी मी असतो तर तिसरं पॅनेल असं केलं असतं. पत्रा लेव्हल करून घेतला असता आणि त्याचं रीडिंग पुरवठादाराला दाखवलं असतं. ५ मिमी लेगचा नमुना तुकडा करून प्रत्येक वेल्डरच्या जागी टांगला असता, गेज हातात दिलं असतं. शक्य असेल तर साधा वेल्डिंग ट्रॅक्टर (टॉर्च ठरलेल्या वेगाने नेणारी छोटी गाडी) लावून वेग बांधून घेतला असता, कारण हाताचा वेग दुपारच्या उन्हात मंदावतो आणि लेग वाढतो. आधी सगळे पट्टे टाक्यांनी पक्के, मग मधल्या दोघांपासून बाहेर, आणि एका पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेल्डर एकाच दिशेने, एक थोडा मागे ठेवून. क्रमामुळे पीळ आणि कोन सुधारतात. एकूण खेच मात्र लेगनेच ठरते, त्यामुळे क्रमावर फार भिस्त ठेवू नका. सलग वेल्डऐवजी तुटक वेल्ड चालेल का, हे यार्डामार्फत क्लास सर्व्हेअरला विचारा. जिथे पाणी साचतं किंवा भार जास्त तिथे ते परवानगी देणार नाहीत, पण कोरड्या आतल्या डेकला कधी कधी मिळते.

बिघडलेल्या दोन पॅनेलांबद्दल: गॅसने ठिपके तापवून पत्रा आवळून बसवता येतो. बकल झालेल्या गाळ्यात उपाय तोच असतो, कारण तिथे पत्रा दोऱ्यांच्या मानाने ‘जास्त’ झालेला असतो आणि तो आखूड करावा लागतो. फिका लाल रंग दिसायच्या बेतात, ६५० अंशांच्या आत थांबा, आणि आधी पोलादाचा ग्रेड बघून यार्डाची लेखी परवानगी घ्या. हाय-टेन्साइल (जास्त ताकदीचं पोलाद) असेल तर मर्यादा वेगळी असू शकते. प्रत्येक ठिपक्याने पॅनेल आणखी आखूड होतं हे विसरू नका. सरळ करायच्या आधी आणि नंतर लांबी-रुंदी लिहून ठेवा, नाहीतर सपाट पण तोकडं पॅनेल हाती येईल.

लेगची मोजमापं आणि पाच टप्प्यांची रीडिंग इथे टाकाल तेव्हा प्रत्येक पट्ट्याची कोणती बाजू आधी वेल्ड केली तेही लिहा, आणि मोजायच्या वेळचं पत्र्याचं तापमान. मग तुमच्या तिसऱ्या पॅनेलचा आकडा आपण वेल्डिंगच्या आधी इथेच लिहून ठेवू आणि क्लॅम्प सोडल्यावर तपासू.